ताई, ती पिशवी ठेव आता

ताई, तू चालून चालून मेलीस, असं इथे पेणात ठरलं आहे.

तुझा फोटो फ्रेमवाल्याकडून यायच्या आतच निकाल लागूनसुद्धा गेला, कोपऱ्यात दिवा अजून जळतो आहे. ओटीवर सतरंज्या टाकल्या आहेत. माणसं येतात, चपला काढतात, भिंतीला टेकून बसतात आणि थोड्या वेळाने विचारतात, कसं झालं? तुझी मोठी जाऊ, आपली अक्का, डोळ्यांना पदर लावून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते. किती सांगितलं फिरू नको, हार्टवालं माणूस, दोन वेळचं जेवावं आणि पडून राहावं, पण ऐकलं नाही. आलेला माणूस मान हलवतो. त्याचा कुणीतरी चुलता असाच गेलेला असतो. शेजारून चहा येतो, तो पिऊन माणूस उठतो आणि रामवाडीच्या नाक्यावर पुढच्याला सांगतो, फार फिरायची म्हणे.

पहिल्या दिवशी मी गप्प बसले. माणूस गेलेल्या घरात भांडू नये, एवढं मलाही कळतं. दुसऱ्या दिवशी मात्र अक्काला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, अक्का, ती मोरीत पडली. मोरीत. लादी ओली होती, पाय सरकला, डोकं कठड्यावर आपटलं. तिच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. काळजात धातूची झडप बसवलेल्या माणसाला त्या जन्मभर घ्याव्या लागतात, म्हणून आतल्या आत रक्त पसरत गेलं. डॉक्टरांनी हे भावजींच्या आणि तुमच्यासमोर स्वच्छ सांगितलं. रस्त्यावर तिला इतक्या वर्षांत साधी ठेच लागली नाही.

अक्काने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण पडली का? दमली व्हती म्हणून. आनि दमली कशानं? चालून."

ह्यावर काय बोलायचं, तूच सांग. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं म्हटलं तर माझ्या काही गोळ्या चालू नाहीत, नुसतं टेंगूळ येईल. म्हणून तुझ्याशी बोलते. तसंही सकाळची ही वेळ आपल्या बोलण्याचीच आहे. दुसऱ्या कुणाशी बोलायची सवय नाही मला ह्या वेळी.

माझा राग आजचा नाही. तो आपल्या बाबांच्या मिठागराइतका जुना आहे. उन्हाळ्यात मीठ पडलं की घरातल्या सगळ्यांनी पाट्या उचलायच्या, वाफ्यापासून राशीपर्यंत बांधावरून चालायचं. मी तुझ्याहून लहान, तरी पाटी टाकून परत यायचे तेव्हा तू अजून अर्ध्या वाटेवर. पाटी खाली ठेवलेली, हात कमरेवर, तोंड उघडं. बाबा लांबून ओरडायचे, थोरली कामचुकार हाय. आजी म्हणायची, हिला सासरी नांदवणार कोण. मी पण हसायचे. तू काहीच बोलायची नाहीस, कारण बोलायला श्वासच नसायचा.

त्याच्या आदल्या वर्षी तुला ताप आला होता. आधी घसा धरला, मग गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे सुजले, मग मनगटं. आईने पाला गरम करून बांधला, तेल चोळलं. सूज गेली, ताप गेला, आणि ती गोष्ट घरादाराच्या डोक्यातूनही गेली. तो ताप जाताना तुझ्या काळजातली एक झडप कुरतडून गेला, हे कळायला तुझी चाळिशी उलटावी लागली. मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी मशीनवर तुझं हृदय बघितलं आणि बघता बघता सहज विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का? तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. मला बांधावर ठेवलेली पाटी दिसत होती.

सासरीही वेगळं काय होतं? जिना चढताना तू मध्ये थांबायचीस, तर धाकटी जरा मंद आहे. लग्नाघरी पाणी भरताना बसलीस, तर अंग चोरते. भावजी भला माणूस, टायरच्या दुकानातून दिवसभराचा काळा होऊन यायचा आणि तुझी घागर उचलायचा, तर तो बायकोच्या मुठीत. ह्या सगळ्यांवर मी चिडते ते चिडतेच. पण त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर तू पलंगावर बसून हळूच जे विचारलंस, ते अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

तू म्हणालीस, "म्हंजे नंदे, मी आळशी नव्हते?"

एवढी वर्षं तुलाही तेच वाटत होतं, ताई. लोक म्हणत होते ते तू खरं मानून चालली होतीस. तोंडातून श्वास घेत, मान खाली घालून, आपण आळशी आहोत ह्याची लाज बाळगत. ह्याची माफी कुणी मागायची आणि कुणाकडे?

ऑपरेशन झालं. छातीचं हाड मधोमध उघडून, आतली झडप काढून धातूची बसवली आणि हाड तारेने शिवलं. तू शुद्धीवर आलीस तेव्हा तुझ्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येत होती. मी घाबरले. नर्स म्हणाली, तो झडपेचाच आवाज, शांत खोलीत ऐकू येतो, आता हा सोबतीला कायम. पुढे तू त्यावरही विनोद करायचीस, म्हणायचीस घड्याळ हरवायची भीती नाही.

टाके ओले होते तेव्हाच त्या व्यायामाच्या बाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज शाळेतल्या हेडबाईंसारखा. त्यांनी तुला उशी छातीशी धरून उठायला शिकवलं. हातांवर भार द्यायचा नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, जड उचलायचं नाही, हाड सांधायला तीनेक महिने लागतात. पायांना मात्र सुट्टी नाही. चालणं हे औषध आहे, गोळीसारखंच रोज घ्यायचं, थोडं थोडं वाढवत न्यायचं. ठोके सुरुवातीला बसल्या जागीसुद्धा जास्त पडतील, त्याला घाबरून पडून राहू नका, म्हणाल्या. एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून हृदय उठलंय, अंगात रक्त कमी आहे, ते धावणारच. जसं चालाल तसं ते शांत होत जाईल. चालताना ठोके वाढतात ते वाढायलाच हवेत, थांबल्यावर उतरतात की नाही ते बघायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे पडले तर थांबायचं आणि कळवायचं. पण नुसती नाडी मोजत बसू नका, ठोके आवरायची गोळी चालू आहे, आकडा फसवेल. आणि मग त्यांनी तो नियम सांगितला. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर चाल हळू करा. आणि गाणं म्हणता आलं, तर तुम्ही चालत नाही, रेंगाळताय.

तू विचारलंस, बोलायला सोबत कोण? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ही कशाला आहे, म्हणाल्या.

तू पेणला घरी आलीस, आणि मी रोह्याला, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात, माझ्या घरी गेले. ह्यांची धाटावला कंपनीत शिफ्ट, पोरांच्या परीक्षा, शिवायला आलेल्या ब्लाऊजांचा ढीग. म्हटलं अक्का आहे, सगळं ऐकून गेली आहे. अक्काने इस्पितळात एकच शब्द ऐकला होता. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, आता थोडा आराम. त्या बाईंचं सगळं बोलणं अक्काच्या एका कानातून गेलं आणि तो आराम तेवढा पदराला बांधून ती पेणला आली.

मग बघायला माणसं यायला लागली. जो येईल तो तुझं मनगट धरायचा. पेणात इतके नाडीवैद्य आहेत हे मला ठाऊक नव्हतं. दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, बाई गं, केवढं पळतंय, झोपवा हिला. तू झोपायचीस. झोपून झोपून अंगातली होती नव्हती ती ताकद गेली. मग नुसतं उभं राहिलं तरी ठोके उड्या मारायचे, आणि तो त्यांच्या हातातला पुरावा. बघा, उभी राहिली की पळतंय. म्हणजे झोपवल्यामुळे ठोके वाढायचे आणि ठोके वाढले म्हणून झोपवायचं. मी फोनवर विचारायचे, चाललीस का? तू म्हणायचीस, अंगणापर्यंत गेले होते. तुझ्या आवाजावरून कळायचं की अंगण नाही, खाटेवरून खिडकीपर्यंत.

महिन्याभराने मी न सांगता आले. आणि काय बघितलं? ओटीवर बायका गोल करून बसल्या होत्या, मध्ये उडदाच्या लाट्यांची परात, आणि त्या गोलात तू. पाटावर वाकून, दोन्ही हातांनी लाटण्यावर जोर देत, पापड लाटत होतीस.

अक्काचा पापडांचा धंदा मोठा, मुंबईला माल जायचा, पावसाच्या आत सगळं उरकायचं, हे मला मान्य आहे. पण तुला कामाला जुंपलं असं अक्काला वाटतच नव्हतं, हे कुणा बाहेरच्याला सांगून पटणार नाही. पेणात पापड लाटणं हे काम नव्हेच. ते बसणं. बाळंतीण उठली की तिला पापडाला बसवतात. तापातून उठलेलीला बसवतात. हिला कुटायला लावू नका गो, नुसती लाटायला बसवा, ही पेणातली दया. ज्या बाईच्या छातीचं हाड तारेवर धरून आहे, जिला हाताने दार ढकलायची मनाई आहे, तिने उडदाचं घट्ट पीठ लाटण्याखाली दाबायचं, हा आराम. आणि ती पायांनी नाक्यापर्यंत गेली तर तिचं हृदय फुटणार.

मी तुझ्या हातातून लाटणं काढून घेतलं. त्या बायकांसमोर मी काय काय बोलले ते तुला आठवत असेल, मला निम्मंच आठवतं. अक्का म्हणाली, बसल्या जागी चार पापड लाटले तर काय झालं, तिचंच मन रमतं. तू म्हणालीस, नंदे, राहू दे. मी म्हटलं, छातीत काही होतंय का? तू आधी नाही म्हणालीस. मग मोरीत नेऊन मला कानात सांगितलंस, कूस बदलताना हाडात कट्ट वाजतं.

दुसऱ्याच दिवशी मुंबई. डॉक्टर तुला ओरडले, मला ओरडले, पट्टा दिला, हातांचे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. नशीब की तेवढ्यावर भागलं. तिथून मी तुला पेणला उतरवलंच नाही, सरळ अष्टमीला घेऊन आले. भावजी स्टँडवर तुझ्या कपड्यांची बॅग घेऊन उभे होते. म्हणाले, "न्या तुम्ही. मला घरात बोलता येत नाय." त्यांच्यावर चिडू की त्यांच्या पाया पडू, मला कळलं नाही.

ताई, ते अष्टमीचे दिवस. कुणी कितीही काही म्हणो, ते आपले.

पहिल्या दिवशी तू किराणा दुकानापर्यंत गेलीस आणि परत येऊन पायरीवर बसलीस. तुझं वाक्य दर चार शब्दांना तुटत होतं. मी म्हणायचे हळू, तू म्हणायचीस अजून किती हळू, उभीच राहू का? मग दुकानाच्या पुढे, मग पुलाच्या तोंडाशी, मग कुंडलिकेवर अर्ध्या पुलापर्यंत. सकाळच्या पाळीची गडबड असायची, धाटावच्या बसेस भरून जायच्या, मोटारसायकलवर डबा लटकवलेली माणसं. त्यांच्यातल्या एकालाही तुझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तू हात मोकळे सोडून चालायचीस. मी पहिल्यांदा तुला हात हलवत चालताना बघितलं. आयुष्यभर तुझ्या डोक्यावर, कमरेवर नाहीतर हातात काही ना काही असायचंच.

आणि एक दिवस पूल पार करून रोह्याच्या बाजूला पोचल्यावर तू थांबलीस, कान देऊन ऐकलंस आणि म्हणालीस, बघ, टिकटिक धावत नाही. मी तुझं मनगट धरलं. चालून आल्यावरही ठोके शहाण्यासारखे उतरत होते. परत येताना तुला चेव आला. पुलाच्या मधोमध तू आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागलीस, मोठ्याने, तोंड वर करून. शेजारून कंपनीची बस गेली, खिडकीतली सगळी तोंडं आपल्याकडे. मी म्हटलं, अगं लोक बघतायत. तू म्हणालीस, बाईंनी सांगितलंय, गाणं आलं तर आपण रेंगाळतोय, चल, पाय उचल. तू पुढे, मी मागे, आणि दम मला लागला होता.

चाळिशीनंतर तुला पहिल्यांदा भरपूर श्वास मिळाला. तो तू चालून मिळवलास. ह्या घरात बसून जे तुझ्या चालण्याला शिव्या घालतायत, त्यांना मी तो पूल कसा दाखवू?

मग तू पेणला परत आलीस. यायलाच हवं होतं, तुझं घर ते. रोज सकाळी चालायचं ठरलं. पहिल्या आठवड्यातच गल्लीने विचारायला सुरुवात केली. कुठं चाललीस गो? ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर लागतं. देवळात, दळणाला, बाजारात. बाई घराबाहेर पडली म्हणजे तिच्या हाताला काम पाहिजे. तू एकदाच म्हणालीस, फिरायला. तर संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर फिरून अक्काकडे आलं. पापडाला हात चालत नाय, फिरायला पाय बरे चालतात.

दुसऱ्या दिवसापासून तुझ्या हातात पिशवी आली. हिरव्या पट्ट्यांची, नायलॉनची, रिकामी. कुणी विचारलं की तू पिशवी जरा वर करायचीस आणि म्हणायचीस, दूध आणायला. अकरा वर्षं, ताई. त्या पिशवीने कधी दूध बघितलं नाही. दूधवाला तर सायकलवरून दारात यायचा, अख्ख्या गल्लीच्या दारात यायचा.

त्या पिशवीवरून आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या बाबांच्या जमिनीवरूनही भांडलो नाही. गल्ली संपून मोठा रस्ता लागला की तू मला फोन करायचीस. मी शिवणाच्या मशीनवर, फोन कानाला, पाय पेडलवर. तुझ्या वाक्यांवरून मला कळायचं चढ आला की सपाटी. वाक्य तुटलं की मी म्हणायचे हळू. गाड्यांचे हॉर्न, कुत्री, कुणीतरी विचारलेलं कुठं चाललीस, आणि तुझं ते दूध आणायला. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, चोरी करतेस का? औषध घेतेस. गोळी घेताना पदराआड घेतेस का? तू म्हणायचीस, तुला काय जातंय, तू अष्टमीला. मला ह्यांच्यात राहायचंय. माझं चालणं होतंय ना, मग पिशवीचं काय ओझं?

ओझं होतं, ताई. मिठाची पाटी खाली ठेवली तेव्हा तू कामचुकार ठरलीस, म्हणून जन्मभर तुला हात रिकामा ठेवायची भीती. आता डोक्यावरची पाटी गेली आणि हातात रिकामी पिशवी आली, एवढाच फरक. हे मी तुला असं कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नाही, तेही मला आज ठरवता येत नाही.

शेवटचं बोलणं पण त्यावरूनच. मी म्हटलं, एकदा, फक्त एकदा म्हण, कुठं नाय, चालतेय. बघू काय आभाळ कोसळतं. तू हसलीस. चढावर होतीस तरी वाक्य न तोडता म्हणालीस, "तू म्हणून दाखव माझ्या गल्लीत. तू म्हटलंस की मी म्हणेन."

मी म्हटलं, येते दिवाळीला. तू म्हणालीस, बरं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मी मशीनवर बसले होते आणि फोन आला तो भावजींचा.

अक्काबद्दल एक सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी नुसती आग ओकतेय. तुझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा ती बाई इस्पितळाच्या बाकावर दिवसभर पाण्याचा थेंब न घेता बसली होती. तुला शेवटचं न्हाऊ घालताना तुझ्या छातीवरचा तो लांब व्रण तिने दोन वेळा पुसला, जणू अजून दुखेल. पापडाच्या गोलात तिने तुला बसवलं ते तुला जवळ बसवायची तिला दुसरी रीत माहीत नव्हती म्हणून. तिची माया खोटी असती तर मी तिला सरळ शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. माया खरी आहे आणि ती माया तुला झोपवून मारत होती, ह्याचा राग कुठे ठेवायचा ते मला सापडत नाही.

काल तुझं तेरावं झालं. आज पहाटे उठले, साडी बदलली, चपला घातल्या. दाराच्या मागे खिळ्याला तुझी पिशवी होती. अक्का जागी होती. तिने विचारलं, कुठं? मी म्हटलं, ताईच्या रस्त्याने. तिने पिशवी काढली आणि माझ्या हातात द्यायला पुढे केली. मी ती घेतली आणि परत खिळ्याला लावली.

गल्लीच्या वळणावर हमीदाखालाचं घर. मुलगे गल्फला, खाला सकाळी ओट्यावर सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसलेली. मला बघून तिने मान वर केली.

"कुठं चाललीस गो?"

आणि मी, तुला अकरा वर्षं फोनवरून शिकवणारी मी, म्हणाले, "दूध आणायला."

तोंडातून गेलं, ताई. हात मागे लपवला, रिकामा म्हणून. चार घरं पुढे गेले तरी छातीत धडधडत होतं. चढ नव्हता, घाई नव्हती, सपाट रस्त्यावर माझे ठोके पळत होते. तेव्हा कळलं, तू रोज दारातून निघून मोठा रस्ता लागेपर्यंत मला फोन का करायची नाहीस. तेवढ्या वाटेत तुला बोलता येत नव्हतं.

मी मागे फिरले. खालासमोर उभी राहिले. म्हटलं, खाला, दूध नाय आणायचं. कुठं नाय चालले. नुसती... आणि वाक्य तुटलं. उभ्या उभ्या. मग पुन्हा म्हटलं, "नुसती चालतेय."

खालाने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "तुझी बहीण पन चालायचीच. पिशवी रिकामी हाय, आमाला दिसत नव्हतं काय?"

मी म्हटलं, मग रोज विचारत का होता?

"न विचारता कशी जाऊ देनार? आपली बाय ती."

अकरा वर्षं, ताई. तुला वाटत होतं ह्यांना कळू नये, आणि ह्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. ह्यांच्यातल्या एकीनेही म्हटलं नाही की ठेव गो ती पिशवी. मला हसावं की खालाच्या ओट्यावरचं सूप उधळून द्यावं, कळेना. मी दोन्ही केलं नाही. हात सोडून नाक्यापर्यंत गेले, पुढे तुझ्या चढावर गेले, आणि सवयीने थांबले, फोनची वाट बघत.

मी म्हणून दाखवलं, ताई. तुझ्या गल्लीत, तुझ्या खालासमोर, मोकळ्या हाताने. आता तुझी पाळी होती.